थंडीत ॲव्हरेज का पडतं?

डिसेंबर उजाडला की गॅरेजमध्ये हमखास येणारी तक्रार: "गाडी तीच, रस्ता तोच, पण ॲव्हरेज पडलंय." लगेच इंजेक्टर साफ करायला सांगू नका. बहुतेक वेळा बिघाड काही नसतो.

गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून तर जुन्या प्रीमियर पद्मिनीला सकाळी चोक ओढून पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागे. आता ते काम ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, करतो. कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गार आहे असं सेन्सरने कळवलं, की तो पेट्रोल जास्त सोडतो. त्यात ऑइलही घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिनावर ओढ पडते. कुलंट 80-90 अंशांच्या आसपास पोचलं की गाडी ताळ्यावर येते.

आता मुंबईची थंडी ती केवढी! सांताक्रूझला 1962 च्या जानेवारीत पारा 7.4 अंशांवर गेला होता, तो विक्रम अजून गाजतो. आपल्याकडे खरा फटका छोट्या फेऱ्यांचा. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर, मग मुलांची शाळा. इंजिन तापायच्या आतच चावी बंद. कामं एका फेरीत उरका, फरक दिसेल.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या बहुधा पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन गरम झाल्यावरच गॅसवर जातात. शाळेची फेरी तेवढ्यात संपते. मग पेट्रोल कुठे जातं, असं विचारत मंडळी आमच्याकडे येतात.

आम्हाला सर्वांत खटकतं ते वेगळंच. गाडी तापते म्हणून काही मेकॅनिक थर्मोस्टॅट वॉल्व काढूनच टाकतात. इंजिन गरम होईपर्यंत कुलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणं हे त्या वॉल्वचं काम. तो नसला की मोकळ्या हायवेवर इंजिन गारच राहतं आणि ईसीयू पेट्रोल ओतत बसतो. हा खर्च थंडीपुरता नाही, बारमाही आहे. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी चढत नसेल तर गाडी दाखवून घ्या. तापण्याचं कारण फॅन, वॉटर पंप किंवा तुंबलेल्या रेडिएटरमध्ये शोधायचं असतं.

सकाळी गाडी उभ्या उभ्या तापवू नका. अर्धा मिनिट पुरे, मग पहिले काही किलोमीटर ॲक्सिलरेटर बेताने दाबा.

टायरचंही बघा. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की हवा साधारण 1 पीएसआयने कमी होते. हवा किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि तो गार टायरचा असतो. म्हणून हवा तपासायला लांबून येऊ नका, घराजवळच्या पंपावर सकाळीच तपासा.