लिथियम आणि लिथियम-आयन एक नव्हेत: टॉर्चचा सेल कधी बदलायचा?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ट्रेकच्या मंडळींत ठरलेला प्रश्न येतो, "टॉर्चचे सेल किती महिन्यांनी बदलायचे?" कुणी सहा महिने सांगतं, कुणी वर्ष, कुणी म्हणतं उजेड मंद झाला की. कुठला सेल, हे मात्र एकही जण विचारत नाही. त्यात आपण टॉर्चलाही बॅटरी म्हणतो आणि आतल्या सेललाही बॅटरीच. म्हणून इथे टॉर्च म्हणजे टॉर्च आणि सेल म्हणजे सेल.

साधा अल्कलाईन पेन्सिल सेल सगळ्यांच्या ओळखीचा. दीड व्होल्टचा, वापरत जाल तसा उजेड उतरत जातो, म्हणजे संपण्याआधी सांगून जातो. मंद झाला की बदला. फक्त रोज न लागणाऱ्या टॉर्चमध्ये तो घालून ठेवू नका, कारण तो पाझरतो. गेल्या गणपतीत आमच्या घरच्या टॉर्चचं झाकण फिरेना. पकडीनं उघडलं, तर स्प्रिंगवर निळसर-पांढरा थर आणि सेल आत चिकटून बसलेला. लिंबाच्या रसात बुडवलेल्या बोळ्यानं पुसून पाहिलं, पण स्प्रिंग हातातच तुटली. चार्ज होणारे निकेलचे पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असले तरी बहुतेक टॉर्चना चालतात. घरासाठी मी तेच वापरते.

खरा घोळ पुढे आहे. "लिथियमचे सेल घ्या" असं आम्हीच सांगतो आणि लोक भलतंच घेऊन येतात.

लिथियम सेल एकदाच वापरायचा. पेन्सिल सेलच्या आकारात तो दीड व्होल्टचा मिळतो, आणि कॅमेऱ्यासाठी आलेला आखूड, जाडसर सीआर१२३ए तीन व्होल्टचा. लिथियम-आयन सेल चार्ज करायचा, मोबाईलमधल्यासारखा. तो ३.७ व्होल्टचा, आणि पूर्ण भरला की ४.२. आता गंमत नाही, धोका बघा: १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल हुबेहूब पेन्सिल सेलएवढा असतो, आणि १६३४० हा सीआर१२३एच्या जागी बसतो. दोन्हींवर "लिथियम" लिहिलेलं. दुकानदार म्हणतो, "एकच आहे, ताई." एक नाही.

दोन वर्षांपूर्वी गुंजवण्यातून चोर दरवाजानं राजगडावर रात्री चढायचं होतं. आमच्यातला एक नवा मुलगा माझं ऐकून "लिथियम" घेऊन आला होता. लिथियम वजनाला हलका, सहसा पाझरत नाही, थंडीत दगा देत नाही, म्हणून मी सांगितलेलं. पायथ्याशी त्यानं टॉर्च लावली. कधी नव्हे असा पांढराशुभ्र झोत पडला, दोनदा लुकलुकला, मग जळक्या प्लास्टिकचा वास आणि अंधार. सेल काढून हातावर घेतले, तर बारीक अक्षरांत ३.७ व्ही. दोन सेलचे मिळून ८.४ व्होल्ट, आणि टॉर्च बनवलेली तीन व्होल्टसाठी. चोर दरवाजाखालचा कातळ त्याला दुसऱ्याच्या उजेडात, रेलिंग चाचपत चढावा लागला. तेव्हापासून मी नुसतं "लिथियम" म्हणत नाही, व्होल्ट सांगते.

उलटी चूक याहून वाईट. एकदाच वापरायचा लिथियम सेल चार्जरमध्ये घातला तर तो तापून फुटू शकतो. आकार जुळला म्हणून चार्जरमध्ये बसतो, एवढंच.

आता "कधी बदलायचा". एकदाच वापरायचा लिथियम सेल पडून राहिला तरी फारसा उतरत नाही. सीआर१२३ए साधारण १० वर्षं टिकतो, तारीख वर छापलेली असते. तो वापरानं संपतो, आणि शेवटपर्यंत उजेड जवळपास तसाच देऊन एकदम बसतो. त्यामुळे "मंद झाला की बदलू" हे इथे चालत नाही. लिथियम-आयनचं बरोबर उलटं. तो न वापरताही म्हातारा होतो, आणि पूर्ण भरून उन्हात ठेवला तर लवकर. एप्रिलमध्ये पुण्यात गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवणाऱ्यांना मी दर वर्षी टोकते. साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज झाला की त्याचा दम कमी होतो. मी तीन वर्षांनी बदलतेच, आणि पडून राहायचा असेल तर अर्धाच भरून ठेवते. ट्रेकच्या आदल्या रात्री पूर्ण.

म्हणून "दर सहा महिन्यांनी बदला" हा नियम एकाच्या बाबतीत पैसे घालवतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत भलतंच करायला लावतो, कारण तिथे सहा महिन्यांनी बदलायचं नसतं, चार्ज करायचं असतं.

बंदुकीवर बसवायच्या दिव्यांचं उदाहरण इथे उपयोगी आहे. शुअरफायर कंपनीच्या एक्स-३००सारख्या दिव्यात दोन सीआर१२३ए लागतात. ऐन वेळी उजेड गेला तर गेलाच, म्हणून तिथे सेल संपायची वाट पाहत नाहीत. ठरलेल्या तारखेला नवे घालतात आणि अर्धे वापरलेले सरावासाठी ठेवतात. मोठ्या ट्रेकआधी मीही तेच करते. उतरवलेले सेल घरच्या किरकोळ कामाला.

दोन्ही सेल मात्र एकदम बदलायचे, एकाच बनावटीचे, एकाच पाकिटातले. एक नवा, एक जुना घातला की जुना आधी रिकामा होतो, नवा त्यातून जबरदस्तीनं वीज ढकलत राहतो आणि रिकामा सेल तापतो. सीआर१२३ए असेच फुटलेले आहेत. "एक चांगला होता, तो राहू दिला" हे वाक्य ऐकलं की मी टॉर्च हातातून काढून घेते.

मल्टिमीटरवरही विसंबू नका. लिथियम-आयनला तो कामाचा आहे: ४.२ म्हणजे भरलेला, ३.७ च्या आसपास म्हणजे बराच उतरलेला, २.५ च्या खाली गेलेला पुन्हा चार्ज करू नये. पण सीआर१२३ए नुसता मीटरला लावलात, तर निम्म्याहून जास्त वापरलेलाही तीन व्होल्टच्या आसपासच दाखवतो. त्याच्यासाठी माझ्याकडे कागदी चिकटपट्टी आहे. सेल घातला त्या दिवसाची तारीख पेनानं लिहून टॉर्चच्या झाकणावर चिकटवते, आणि रात्रभराचा ट्रेक झाला की तारखेखाली एक रेघ.