इंजिन तापतंय: क्षारांचा थर साचलाय की मार्गात काही अडकलंय?

शिडाच्या बोटीचं डिझेल इंजिन तापायला लागलं की निदान ठरलेलं असतं: इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा मार्ग चोक झालाय, ॲसिड फिरवा. निदानाचा पहिला भाग बहुधा बरोबर निघतो. उपाय मात्र निम्म्या वेळा चुकीच्या जागी लावला जातो, कारण हे मार्ग दोन अगदी वेगळ्या कारणांनी बंद होतात. एक तर समुद्राच्या पाण्यातले क्षार धातूच्या भिंतीवर थर धरून बसतात. नाहीतर इंपेलरचं (पंपातल्या फिरत्या चाकाचं) तुटलेलं पातं, गंज रोखायला बसवलेल्या झिंकचा तुकडा, शेवाळ, शिंपल्याची कपची, गंजाची खपली असं काहीतरी घन अरुंद जागी अडकतं. थर ॲसिडमध्ये विरघळतो, अडकलेली वस्तू हातानेच काढावी लागते. रबराच्या पात्यावर रात्रभर ॲसिड फिरवलं तरी ते तिथेच राहतं, आणि घट्ट थर सळईने खरवडायला गेलं तर हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या भागाच्या) पातळ नळ्या फाटतात.

आधी थराचं बघू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातलं बहुतेक नेहमीचं मीठ असतं आणि ते पाणी वाहतं असेपर्यंत विरघळलेलंच राहतं. खरा त्रास कॅल्शियम कार्बोनेटचा आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा, आणि भिंत जास्तच तापत असेल तर कॅल्शियम सल्फेटचाही. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियमच्या या क्षारांचं नेमकं उलट असतं: पाणी तापलं की ते बाहेर पडतात. म्हणजे इंजिनाचा जो भाग सर्वांत गरम, तिथेच थर सर्वांत जाड.

म्हणूनच समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून (इंजिनाच्या मुख्य धडातून) फिरवणाऱ्या इंजिनांचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) मुद्दाम कमी तापमानाचा असतो, साधारण 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपासचा. ज्यांच्या ब्लॉकमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं वेगळं द्रव) फिरतो आणि समुद्राचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून जातं, ती इंजिनं 75 ते 85 अंशांवर निवांत चालतात. 'इंजिन जरा गरम चाललं तर डिझेल नीट जळतं' असा विचार करून थेट पाण्याच्या इंजिनाला दुसऱ्या जातीचा थर्मोस्टॅट बसवणं हा थर वाढवण्याचा हमखास मार्ग आहे. डिझेल नीट जळतं हे खरं, पण त्याची किंमत वॉटर जॅकेट, म्हणजे ब्लॉकमधली पाण्याची पोकळी, मोजतं.

थराबद्दल सगळ्यांत कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट अशी की इंजिन तापवायला त्याने मार्ग बुजवावाच लागतो असं नाही. बिडाच्या किंवा तांबे-निकेलच्या भिंतीतून उष्णता जितकी सहज जाते, त्याच्या दहा-वीस पट कमी ती या पांढऱ्या थरातून जाते. अर्ध्या मिलिमीटरचा थरसुद्धा भिंतीला जाड पांघरूण घातल्यासारखा काम करतो. एक्झॉस्टमधून, म्हणजे धुरासोबत जिथून हे पाणी बाहेर पडतं तिथून, ते छान भरभरून पडतंय आणि तरीही तापमानाचा काटा वर चढतोय, असं दिसलं की माझा पहिला संशय थरावर जातो.

अडकलेल्या वस्तूंची तऱ्हा वेगळी. समुद्राच्या पाण्याचा पंप रबरी पात्यांच्या इंपेलरवर चालतो आणि त्या पात्यांना पाण्याचंच वंगण असतं. सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा नळ) बंद ठेवून इंजिन सुरू झालं, स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकला गेला, तर कोरडी पाती थोड्या वेळात भाजून तुटतात. नवा इंपेलर बसवला म्हणजे काम झालं असं अनेकांना वाटतं. तुटलेले तुकडे पुढे पाण्याबरोबर गेलेले असतात, आणि पुढची पहिली अरुंद जागा म्हणजे एखादा कोपर, ऑइल कूलर किंवा हीट एक्स्चेंजरचं तोंड. जुन्या इंपेलरचे सगळे तुकडे टेबलावर मांडून पूर्ण चाक जुळतंय का ते पाहावं. जुळलं नाही, तर उरलेलं पातं इंजिनातच आहे आणि ते सापडेपर्यंत काम अपुरं आहे.

झिंकचंही तसंच. हीट एक्स्चेंजरला गंजापासून वाचवायला बसवलेली झिंकची कांडी झिजत जाते आणि तिचं टोक तुटून एक्स्चेंजरच्या टोपीत पडतं. नवी कांडी बसवताना जुनीचं फक्त बूड हाती येतं, बाकीचा भाग आतच राहतो. अशा वर्षानुवर्षांच्या तुकड्यांनी आणि खपल्यांनी नळ्यांची एक आख्खी बाजू झाकलेली सापडते. टोपी उघडून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

बाहेरून फरक कसा ओळखायचा? थर हळूहळू वाढतो. आधी फक्त पूर्ण वेगावर तापमान वाढतं, मग काही महिन्यांनी मध्यम वेगावरही. अडकण्याचा प्रकार बहुधा अचानक होतो: कालपर्यंत ठीक, आज एक्झॉस्टचं पाणी अर्ध्यावर आणि सोबत वाफ. पाणी मोजायला एक्झॉस्टखाली बादली धरावी, ठरावीक वेगावर ठरावीक वेळ, आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. स्वतःच्याच इंजिनाचा चांगल्या दिवसांतला आकडा हाताशी असला, की तुलना खरी होते.

हीट एक्स्चेंजर असलेल्या इंजिनावर याहून पक्की खूण मिळते. समुद्राचं पाणी एक्स्चेंजरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना इन्फ्रारेड थर्मामीटरने नळीचं तापमान पाहावं. थर असेल तर पाणी भरपूर वाहतं, पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. कूलंट उकळायला आलेला असताना ते नेहमीपेक्षा थंडच बाहेर येतं. मार्ग अडला असेल तर थोडंसं पाणी सगळी उष्णता घेतं आणि नेहमीपेक्षा गरम निघतं. ही एक तपासणी दोन्ही शक्यता वेगळ्या करते, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. एवढंच सांभाळा, की चकचकीत धातूवर हे थर्मामीटर चुकीचं, कमी तापमान दाखवतं. रबरी नळीवर किंवा काळ्या चिकटपट्टीवर रोखावं.

दोन्ही प्रकार एकत्र असले, आणि जुन्या इंजिनात ते असतातच, तर क्रम महत्त्वाचा: आधी घन कचरा, मग ॲसिड. बंद नळीत ॲसिड शिरतच नाही. ते मोकळ्या नळ्यांतून फिरून येतं आणि साफसफाई झाल्याचा भास होतो. एक्स्चेंजर उघडून नळ्या लाकडी किंवा मऊ प्लॅस्टिकच्या काडीने, पाण्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने मोकळ्या कराव्यात. पोलादी ड्रिल तिथे नकोच.

ॲसिडच्या वेळी झिंक काढून ठेवायचं, नाहीतर ॲसिड त्यावरच खर्च होतं आणि ज्वलनशील हायड्रोजन निघतो. सी-कॉक बंद, पंपाच्या पुढची नळी सोडलेली, थेट पाण्याच्या इंजिनात थर्मोस्टॅटही काढलेला, म्हणजे पाणी आडवाटेने न जाता ब्लॉकमधूनच फिरेल. मग बादली आणि छोटा पंप लावून द्रावण फिरवत ठेवायचं. हायड्रोक्लोरिक ॲसिड झटपट काम करतं, पण ते ॲल्युमिनियम खातं आणि स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतं. इंजिन नेमकं कशाचं आहे हे ठाऊक नसेल तर सायट्रिक किंवा फॉस्फॉरिक ॲसिडचं पातळ द्रावण बरं. वेळ जास्त लागतो, धातू वाचतो. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवीच, आणि ब्लीचशी गाठ पडू द्यायची नाही; त्यातून क्लोरीन वायू निघतो.

बुडबुडे थांबले म्हणजे थर संपला असं धरू नका. ॲसिडच संपलेलं असू शकतं. द्रावणाचे चार थेंब चुनखडीच्या तुकड्यावर टाकावेत. फसफसलं तर ॲसिडात जोर आहे आणि थर खरोखर गेलाय. नाही फसफसलं तर नवं द्रावण घ्यायचं.

गंज हा थर आणि अडकलेला कचरा या दोहोंच्या मधला आहे. थेट पाण्याच्या बिडाच्या ब्लॉकमध्ये तो भिंतीला धरून असतो तेव्हा थरासारखा वागतो, सुटला की गाळ होऊन जॅकेटच्या तळाशी बसतो. ॲसिड फिरवल्यावर खपल्या मोठ्या प्रमाणात सुटतात, म्हणून तळाचा ड्रेन कॉक उघडून, त्याचं भोक तारेने मोकळं करून, गोड्या पाण्याने भरपूर धुवावं. पाण्याचा जोर बेताचा ठेवायचा. हे झाल्याशिवाय इंजिन सुरू केलं तर त्याच खपल्या पुढे जाऊन अडकतात.

एक्झॉस्टच्या मिक्सिंग एल्बोवर (धूर आणि पाणी एकत्र होतात त्या कोपरावर) मात्र ॲसिडचा फार भरवसा नको. तिथे क्षारांबरोबर काजळी घट्ट बसलेली असते आणि कार्बन ॲसिडला दाद देत नाही. एल्बो काढून खरवडावा लागतो, आणि बीड पातळ झालं असेल तर बदलावाच लागतो.

शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेल्या ॲसिडचा जोर मारून पुन्हा गोडं पाणी फिरवायचं, झिंक आणि थर्मोस्टॅट परत बसवायचा, आणि सी-कॉक उघडायचा. पहिल्या चाचणीत बोट बांधलेलीच असू द्या. जुन्या गंजाने बुजलेली छोटी छिद्रं ॲसिडने मोकळी होतात, तेव्हा कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची धातूची बुचं), गॅस्केटच्या कडा आणि नळ्यांचे सांधे कोरड्या फडक्याने पुसून, इंजिन पूर्ण तापेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचे.