आघाताचे पिढीसंक्रमण

आघाताचे पिढीसंक्रमण : एका पिढीने सोसलेल्या मानसिक आघाताचे परिणाम, तो आघात स्वतः न अनुभवलेल्या पुढच्या पिढीच्या मनात, वर्तनात किंवा शरीरक्रियेत उमटणे. युद्ध, वंशसंहार, दुष्काळ, सक्तीचे विस्थापन, कौटुंबिक हिंसा आणि बालपणीची हेळसांड या आघातांचा या संदर्भात विशेष अभ्यास झाला आहे. मराठीत संज्ञा अजून स्थिरावलेली नाही. ‘आंतरपिढीय आघात’ आणि ‘वारशाने आलेला आघात’ असे पर्यायही आढळतात. यांतला दुसरा काहीसा फसवा आहे, कारण वारसा म्हटले की रक्तातून आलेले असे सहज ध्वनित होते आणि वाद आहे तो नेमका त्याच मुद्द्यावर.

संज्ञेचा वापर सैल असल्याने दोन भेद लक्षात ठेवावे लागतात. पीडित व्यक्तीच्या हातून तिच्या मुलांपर्यंत पोचणारा परिणाम हा एक प्रकार. एखाद्या समूहावर दीर्घकाळ झालेल्या अत्याचाराचा त्या समूहाच्या अनेक पिढ्यांवर साचत गेलेला परिणाम हा दुसरा. त्याला ‘ऐतिहासिक आघात’ म्हणतात. दोन्हींचे पुरावे वेगळ्या जातीचे आहेत आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू पडतोच असे नाही.

संकल्पनेचा उगम : ही संकल्पना प्रथम कोणी मांडली याबद्दल एकमत नाही. मनोविश्लेषणाच्या परंपरेतील लेखक तिचे मूळ सिग्मंड फ्रॉइड यांच्यापर्यंत मागे नेतात. पूर्वजांच्या अनुभवांचा ठसा वंशजांच्या मनात टिकून राहतो, असे फ्रॉइड यांनी १९१३ मध्ये व पुन्हा १९३९ मध्ये मांडले. कमावलेले गुण संततीत उतरतात हे लामार्कचे मत बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी टाकून दिल्यावरही त्यांनी ते सोडले नाही. मात्र त्यांच्यासमोर मानवजातीचा आदिम भूतकाळ होता, एखाद्या घरातले आईवडील आणि मूल नव्हते. त्यापेक्षा फ्रॉइड यांची कन्या ॲना फ्रॉइड व तिच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांची दुसऱ्या महायुद्धकाळातील लंडनमधली निरीक्षणे विषयाच्या अधिक जवळ जातात. बॉम्बवर्षावात मूल किती घाबरते, हे बऱ्याच अंशी आई किती घाबरली आहे यावर ठरते, असे त्यांना आढळले.

सामान्यतः १९६६ हे आरंभवर्ष धरतात आणि ते ग्राह्य मानण्यास हरकत नाही. त्या वर्षी कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ व्हिव्हियन रॅकॉफ यांनी नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंच्या मुलांविषयी लिहिले. या मुलांनी छावणी पाहिली नव्हती, तरी त्यांच्या तक्रारी इतक्या तीव्र होत्या की यातना आईवडिलांनी नव्हे, मुलांनीच भोगल्या असाव्यात असे वाटावे, अशा आशयाचे त्यांचे निरीक्षण पुढे वारंवार उद्धृत झाले. आईवडिलांच्या पिढीचे वर्णन त्याच दशकात विल्यम नीडरलंड यांनी ‘बचावलेल्यांचा लक्षणसमूह’ या नावाने केले होते : निद्रानाश, दुःस्वप्ने आणि आपण का वाचलो हा अपराधभाव. त्याला पार्श्वभूमी होती पश्चिम जर्मनीकडून मिळणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांची. दावेदारांची तपासणी करणाऱ्या वैद्यांना आघात आणि आजार यांतला संबंध कागदावर सिद्ध करावा लागे. ‘आघातोत्तर ताण विकृती’ हे निदान अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात आले ते १९८० मध्ये. म्हणजे दुसऱ्या पिढीवरची चर्चा पहिल्या पिढीच्या निदानाला अधिकृत नाव मिळण्याआधीच सुरू झाली होती.

१९७० च्या दशकात आणखी दोन स्वतंत्र धारा दिसतात. फ्रान्समध्ये निकोला अब्राहम व मारिया तोरोक या हंगेरियन वंशाच्या मनोविश्लेषकांनी, आईवडिलांनी दडवलेले गुपित मुलाच्या मनात भुतासारखे वावरते, अशी मांडणी केली. अमेरिकेत सेल्मा फ्रायबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये जवळजवळ हीच प्रतिमा वापरली, पण तिचा उपयोग उपचारासाठी केला. फ्रायबर्ग यांचा निष्कर्ष असा की, ज्या आईला स्वतःच्या बालपणातल्या घटना आठवतात पण त्या वेळचे दुःख आठवत नाही, तिच्या हातून तसेच बाळाबाबत पुन्हा घडण्याचा धोका अधिक. घटनेची आठवण आणि वेदनेची आठवण यांतला हा फरक पुढच्या अनेक उपचारपद्धतींच्या मुळाशी आहे.

व्याप्तीचा प्रश्न : आरंभीचे बहुतेक लेखन रुग्णालयांत आलेल्या मुलांवर आधारलेले होते, जी मुले ठीक होती ती तेथे आलीच नव्हती. मारिनस व्हॅन आयझेंडोर्न व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ३२ नमुन्यांतील ४,४१८ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली, तेव्हा सर्वसाधारण लोकसंख्येतून निवडलेल्या दुसऱ्या पिढीत दुय्यम आघाताचा पुरावा आढळला नाही. तो आढळला तो अन्य कारणांनी आधीच ताणाखाली असलेल्या, उपचार घेणाऱ्या गटांत. या निष्कर्षाशी इस्राएलमधला एक जुना अभ्यास चांगला जुळतो. १९८२ च्या लेबनॉन युद्धात मानसिकदृष्ट्या कोसळलेल्या सैनिकांपैकी ज्यांचे आईवडील नाझी वंशसंहारातून वाचलेले होते, त्यांची लक्षणे इतरांपेक्षा अधिक काळ टिकली. एरवी झाकून असलेली दुर्बलता नव्या संकटात उघडी पडते, असा दोहोंचा एकत्रित अर्थ लावता येतो. बालछळाबाबतही ‘छळ झालेला छळ करतो’ ही समजूत आकड्यांत टिकत नाही : जोन कॉफमन व एडवर्ड झिगलर यांनी १९८७ मध्ये उपलब्ध अभ्यासांवरून हे प्रमाण सुमारे ३० टक्के अनुमानिले. म्हणजे उरलेले सुमारे ७० टक्के तसे करत नाहीत.

संक्रमणाचे मार्ग – संगोपन : सर्वांत भक्कम पुरावा रोजच्या संगोपनाचा आहे. मेरी मेन व एरिक हेस यांनी १९९० मध्ये असे सुचवले की, जुन्या आघाताने ग्रासलेले पालक मध्येच थिजतात, शून्यात पाहतात किंवा कारण नसताना बिथरतात. मुलाला ज्याच्याकडे धाव घ्यायची तोच भीतीचे उगमस्थान होतो, आणि मुलाचा पालकाशी असलेला अनुबंध विस्कळीत होतो. येथे मारहाण किंवा दुर्लक्ष असावेच लागते असे नाही. पालक प्रेमळ असूनही हे घडते.

दुसरा मार्ग मौनाचा. याएल डॅनिएली यांनी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या कुटुंबांत ‘मौनाचा कट’ वर्णिला. आईवडील मुलांना जपण्यासाठी बोलत नाहीत, मुले आईवडिलांना जपण्यासाठी विचारत नाहीत, आणि शेजारीपाजारी, डॉक्टर यांनाही ऐकायचे नसते. पण मौन हेच नेहमी दोषी असे नाही. लहान वयात तपशीलवार, अनावर कथन ऐकत वाढलेल्या मुलांतही तितकाच त्रास नोंदला गेला आहे.

संक्रमणाचे मार्ग – जीवशास्त्र : जनुकांची अक्षरे न बदलता त्यांचे कार्य चालूबंद करणाऱ्या रासायनिक खुणांचा अभ्यास, म्हणजे एपिजेनेटिक्स, २००० नंतर या विषयात आला आणि त्याने सार्वजनिक चर्चा व्यापून टाकली. या खुणांतील डीएनएचे मेथिलीकरण (डीएनएवर मेथिल हा छोटा रासायनिक गट चिकटणे) ही सर्वाधिक अभ्यासलेली.

माँट्रिऑल येथील मायकेल मीनी, मोशे शिफ व सहकारी यांचा २००४ चा उंदरांवरील प्रयोग पायाभूत मानला जातो. जी उंदरी पिल्लांना अधिक चाटते, तिची पिल्ले मोठेपणी ताणाला संयत प्रतिसाद देतात. त्यांच्या मेंदूतील हिपोकॅम्पसमध्ये ताणसंप्रेरकाच्या ग्राहीचे नियमन करणाऱ्या जनुकभागावर मेथिलीकरण कमी असते. जन्मतःच पिल्लांची अदलाबदल केली, तर ती सांभाळणाऱ्या आईसारखी निपजतात. हा प्रयोग ‘आघात रक्तातून उतरतो’ याचा दाखला म्हणून अनेकदा सांगितला जातो. वस्तुतः तो उलट सांगतो. खूण उमटते ती जन्मानंतरच्या वागणुकीने. प्रौढ उंदरांत औषध देऊन ती बऱ्याच अंशी पालटताही आली.

बीजपेशींतून (शुक्रपेशी व अंडपेशी) संक्रमणाचा दावा निराळा. ब्रायन डायस व केरी रेसलर यांनी नर उंदरांना ॲसिटोफेनोन या रसायनाच्या वासासोबत विजेचे झटके दिले. त्यांची मुले व नातवंडे त्या वासाला अधिक दचकू लागली, असा त्यांचा २०१४ मधील निष्कर्ष. त्याच वर्षी ग्रेगरी फ्रान्सिस यांनी आक्षेप घेतला की, एवढ्या लहान गटांत जवळजवळ प्रत्येक चाचणी यशस्वी ठरणे संख्याशास्त्रीयदृष्ट्या संशयास्पद आहे. सस्तन प्राण्यांत गर्भधारणेनंतर आणि बीजपेशी घडताना अशा दोनदा बहुतेक खुणा पुसल्या जातात, ही मूळ अडचणही आहेच.

मानवात प्रश्न आणखी गुंततो. गर्भवतीवर आघात झाला तर तो तिच्यावर, गर्भावर आणि गर्भ मुलीचा असल्यास तिच्या अंडाशयात घडत असलेल्या बीजपेशींवर, अशा तीन पिढ्यांवर एकाच वेळी होतो. त्यामुळे खऱ्या अर्थाने न अनुभवलेली पहिली पिढी पणतवंडांची. पित्याकडून पाहिल्यास नातवंडांची. नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या ‘भुकेच्या हिवाळ्या’त गर्भधारणा झालेल्या ६० व्यक्तींत, भुकेची झळ न लागलेल्या सख्ख्या भावंडांच्या तुलनेत, आयजीएफ-२ या जनुकावर सुमारे सहा दशकांनीही कमी मेथिलीकरण आढळले (२००८). तो प्रत्यक्ष परिणाम होता, संक्रमण नव्हे. रेचल यहूदा यांच्या २०१६ च्या बहुचर्चित अभ्यासात नाझी छळातून वाचलेल्या ३२ व्यक्ती व त्यांची २२ प्रौढ अपत्ये होती, आणि तुलनेसाठी अवघे ८ पालक व ९ अपत्ये. एफकेबीपी-५ या जनुकाच्या एकाच जागी दोन्ही पिढ्यांत बदल दिसला, पण पालकांत मेथिलीकरण वाढलेले आणि अपत्यांत घटलेले. नमुना रक्ताचा होता, मेंदूचा किंवा बीजपेशींचा नव्हे, आणि अपत्ये त्याच पालकांच्या घरी वाढली होती. म्हणजे संगोपनाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. मानवात बीजपेशींतून आघात उतरतो हे सध्या सिद्ध मानता येत नाही. ती शक्यता मात्र निर्णायकपणे खोडलीही गेलेली नाही.

समूहांचे अनुभव : अमेरिकेतील लाकोटा या मूलनिवासी समाजातील मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी ‘ऐतिहासिक आघात’ ही संज्ञा रूढ केली. कॅनडात सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना कुटुंबापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. सरकारने २००८ मध्ये माफी मागितली आणि सत्य व सलोखा आयोगाचे काम २०१५ पर्यंत चालले. ऑस्ट्रेलियातील ‘हिरावलेल्या पिढ्यां’ची, म्हणजे कुटुंबांपासून काढून नेलेल्या मूलनिवासी मुलांची, माफीही २००८ मधलीच. या धोरणांनी भाषा, नातीगोती आणि मूल वाढवण्याची रीत हे सगळे एकदम तुटले, म्हणून येथे आघात कोठे संपतो आणि दारिद्र्य कोठे सुरू होते हे सांगणे अवघड जाते. भारताच्या १९४७ च्या फाळणीबाबत मौखिक इतिहासाचे काम मोठे आहे, मनोविकारशास्त्राचे थोडे. त्या शास्त्राच्या या मौनाचीच चिकित्सा संजीव जैन व आलोक सरीन यांनी २०१८ मध्ये संपादित केलेल्या लेखसंग्रहात आढळते.

उपचार आणि सावरणे : ॲगलंड, जेकोबविट्झ व स्रूफ यांनी १९८८ मध्ये, लहानपणी छळ सोसूनही स्वतःच्या मुलांना नीट वाढवणाऱ्या मातांचा अभ्यास केला. त्यांच्यात तीन गोष्टी अधिक आढळल्या : लहानपणी आधार देणारे कोणी एक मोठे माणूस, आयुष्यात केव्हातरी घेतलेला मानसोपचार आणि स्थिर, समंजस जोडीदार. पहिली गोष्ट मागे जाऊन मिळवता येत नाही. इतर दोन मिळवता येतात.

पालकाला आघातोत्तर ताण विकृती असल्यास प्रथम तिचाच उपचार करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआर यांची शिफारस आहे. मूल लहान असेल तर दोघांना एकत्र घेऊन उपचार करतात. फ्रायबर्ग यांचे पथक घरी जाऊन, बाळासमोर बसून आईशी बोलत असे. त्याच पद्धतीचा विस्तार ॲलिशिया लिबरमन यांनी केला. कौटुंबिक हिंसा पाहिलेल्या मुलांच्या ७५ आई-मूल जोड्यांवरील त्यांच्या २००५ च्या चाचणीत वर्षभराच्या साप्ताहिक बैठकांनंतर मुलांची आघातलक्षणे तुलनागटापेक्षा अधिक घटली. मेरी डोझियर यांचा कार्यक्रम घरी घेतलेल्या अवघ्या दहा बैठकांचा आहे आणि पालकाने मुलाच्या खुणांना त्याच क्षणी प्रतिसाद द्यावा यावर त्याचा मुख्य भर असतो.

प्रौढ झालेल्या दुसऱ्या पिढीसाठी कुटुंबातील तीन पिढ्यांचा नकाशा काढणे, त्यात मृत्यू, ताटातूट, न बोललेल्या घटना भरणे ही कुटुंबोपचारातील रूढ रीत आहे. मुलांना काय सांगावे याबाबत तज्ज्ञांचा कल वयानुरूप आणि मूल विचारेल तेवढे सांगण्याकडे आहे. बर्ट हेलिंगर यांची ‘कुटुंबरचना’ पद्धत लोकप्रिय असली तरी तिला प्रायोगिक आधार तोकडा आहे.

सामूहिक उपायांत डॅनिएली यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापलेला, छळातून वाचलेले व त्यांची मुले यांच्यासाठीचा प्रकल्प आरंभीचा. डॅन बार-ऑन यांनी १९९२ पासून वाचलेल्यांची आणि नाझी गुन्हेगारांची मुले यांना समोरासमोर बसवले. त्याच वर्षी ब्रेव्ह हार्ट यांनी ब्लॅक हिल्समध्ये ४५ लाकोटा सेवाकर्मींसाठी सामूहिक शोकाचे शिबिर घेतले. अशा कार्यक्रमांचे मूल्यमापन बहुधा सहभागींनी स्वतः सांगितलेल्या अनुभवांवरच थांबते. लॉरेन्स कर्मायर व जोसेफ गोन यांनी २०१४ मध्ये आणखी एक धोका दाखवला : सगळे दुःख भूतकाळाच्या खाती टाकले की चालू अन्याय नजरेआड होतो. त्या बाजूचा आधार मायकेल चँडलर व ख्रिस्तोफर लालोंड यांच्या १९९८ च्या अभ्यासात मिळतो. ब्रिटिश कोलंबियातील ज्या मूलनिवासी समाजांकडे स्वशासन, जमिनीचा दावा, शिक्षण, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन आणि सांस्कृतिक केंद्र ही सहाही अंगे होती, तेथे १९८७ ते १९९२ या काळात तरुणांची एकही आत्महत्या नोंदली गेली नाही; ज्यांच्याकडे यांपैकी एकही नव्हते, तेथे प्रमाण सर्वाधिक होते. समाज लहान असल्याने हे आकडे जपून वाचावे लागतात.