ह्यूम फ्रीवेची पार्श्वभूमी: खर्च कोणाचा आणि रस्ता कुठून

मेलबर्न शहर मागे टाकून सिडनीच्या दिशेने लागलं की आज समोरून येणारा ट्रक आपल्या अंगावर येईल अशी भीती वाटावी अशी एकही जागा या ह्यूम फ्रीवेवर उरलेली नाही, दोन्ही दिशा वेगळ्या, मधे पट्टा, ताशी ११० चा वेग. मेलबर्नमधली आपली बरीच मंडळी सुट्टीत या रस्त्याने जातात आणि त्यांना हे सगळं पहिल्यापासून असंच असेल असं वाटतं. पण शेवटचं गाव बायपास झालं ऑगस्ट २०१३ मध्ये. देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या शहरांना जोडणारा रस्ता पूर्ण दुपदरी, म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा असलेला, व्हायला इतका वेळ का लागला याचं उत्तर डोंगर-नद्यांमध्ये फारसं नाही, ते पैसे कोणी द्यायचे या भांडणात आहे, आणि मला वाटतं त्या नजरेने बघितल्याशिवाय हा रस्ता कळतच नाही.

अगदी जुना इतिहास थोडक्यात उरकतो. १८२४ मध्ये दोघा जणांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी सिडनीकडून दक्षिणेला समुद्रापर्यंत गेली, त्या दोघांतल्या एकाचं, म्हणजे ह्यूमचं, नाव पुढे १९२८ मध्ये अख्ख्या रस्त्याला दिलं गेलं, आणि शेवटचा कच्चा तुकडा डांबरी व्हायला १९४० उजाडलं. तोपर्यंत लांबचा माल बहुतेक रेल्वेनेच जायचा आणि राज्य सरकारांना तसंच हवं होतं कारण रेल्वे त्यांच्या मालकीची होती, म्हणून रेल्वेशी स्पर्धा करणाऱ्या ट्रकांवर परवाने आणि शुल्क लादून त्यांना दाबून ठेवलं होतं.

खरी कलाटणी १९५४ ची. ट्रकांवरच्या या बंधनांचं प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल लागला की राज्यघटनेने राज्याराज्यांमधला व्यापार मोकळा ठेवलाय, त्यामुळे दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या ट्रकला असं अडवता येणार नाही. त्यात भर म्हणजे दोन राज्यांच्या सीमेवरच्या ऑल्बरीला तेव्हा रेल्वेचा गेजच बदलायचा, न्यू साउथ वेल्सचे रूळ एका मापाचे आणि व्हिक्टोरियाचे दुसऱ्या, म्हणजे माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरा. एका मापाचा रूळ मेलबर्नपर्यंत पोचला १९६२ मध्ये, पण मधल्या आठ वर्षांत ट्रकवाल्यांनी बाजी मारली होती. सिडनी-मेलबर्न मालात रेल्वेचा वाटा आज अगदी थोडा उरलाय त्याची मुळं तिथे आहेत.

आता ट्रक आले पण रस्ता तोच, दोन लेनचा, गावागावातून जाणारा. व्हिक्टोरियात वॉलनच्या पुढे प्रिटी सॅली नावाचा चढ होता, लोड भरलेला ट्रक तिथे रांगत चढायचा आणि मागे गाड्यांची शेपटी लागायची. सिडनीकडे तसाच रेझरबॅकचा घाट. राज्यांनी मग परवान्याऐवजी वजन आणि अंतर यांच्या हिशोबाने रस्ता देखभालीचा कर लावला, तो ट्रकमालकांना जाचक झाला, आणि एप्रिल १९७९ मध्ये काही मालक-ड्रायव्हरांनी याच रेझरबॅकवर ट्रक आडवे लावून रस्ता बंद केला. बघता बघता देशभर ठिकठिकाणी नाकाबंदी झाली, आठवडाभराहून जास्त चालली, शेवटी राज्यांनी तो कर काढून टाकला. या आंदोलनाला नुसता ट्रकवाल्यांचा हट्ट म्हणणारे अजून भेटतात, मला ते पटत नाही. कर रस्त्याच्या नावाने घ्यायचा आणि रस्ता तसाच ठेवायचा, मग माणूस चिडणार नाही तर काय करणार? पुढच्याच वर्षाच्या शेवटी, म्हणजे १९८० मध्ये, रेझरबॅकला वळसा घालणारा फ्रीवे सुरू झाला. त्याचं काम आंदोलनाच्या आधीपासूनच चालू होतं हेही सांगायला हवं.

पैशाचं गणित मात्र त्याआधी, १९७४ मध्ये बदललं होतं. त्या वर्षी केंद्र सरकारने काही रस्ते राष्ट्रीय महामार्ग म्हणून स्वतःकडे घेतले आणि त्यांच्या बांधकामाचा आणि देखभालीचा पूर्ण खर्च उचलायचं ठरवलं. पूर्ण म्हणजे पूर्ण, निम्मा-निम्मा नाही. त्या बदल्यात रस्ता कुठून न्यायचा यावर शेवटची मोहर केंद्राची. बांधणार राज्याचं रस्ते खातं, पैसे देणार केंद्र, आणि ज्या रस्त्यावर राष्ट्रीय शिक्का नाही तो राज्याच्या किंवा नगरपालिकेच्या गळ्यात. ही व्यवस्था लक्षात ठेवा, ऑल्बरीचा सगळा घोळ यातूनच निघतो. १९८२ पासून इंधनावर लिटरमागे आधी एक आणि नंतर दोन सेंट वेगळे घेऊन रस्त्यांसाठी निधी उभारला, १९८८ च्या द्विशताब्दीपर्यंत जमेल तेवढं काम उरकायचं म्हणून, आणि त्याने कामाला खरंच वेग आला.

व्हिक्टोरियाचा हिस्सा साधारण तीनशे किलोमीटरचा, जमीन बरीचशी सपाट, त्यामुळे तिथे काम भराभर झालं. १९७६ मध्ये वॉलनच्या पुढचा फ्रीवे उघडला आणि किलमोर आणि प्रिटी सॅली दोन्ही एकदम सुटले, १९८२ मध्ये सीमोर, मग ऐंशीच्या दशकात एकेक गाव, १९९२ मध्ये युरोआ आणि १९९४ मध्ये वँगरॅटा. पद्धत अशी की गावाच्या आसपास नवीन बायपास आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात जुन्या रस्त्याला लागून दुसरा रस्ता, म्हणून आजही काही ठिकाणी एका दिशेला जास्त चढ-उतार आणि दुसऱ्या दिशेला कमी असं जाणवतं, कारण एक बाजू जुनी आहे. न्यू साउथ वेल्सचा हिस्सा साडेपाचशे किलोमीटरच्या घरात आणि डोंगराळ. गंडगायला मरमबिजी नदीच्या पूरक्षेत्रावरून एक किलोमीटरहून लांब पूल १९७७ मध्ये झाला, गोलबर्न १९९२ मध्ये सुटलं, यास १९९४ मध्ये, पण त्याच्या दक्षिणेला एकविसावं शतक सुरू झालं तरी मोठे तुकडे दोन लेनचेच होते.

आणि मधे, बरोबर राज्यांच्या सीमेवर, ऑल्बरी आणि वोडोंगा. मरी नदीच्या अलीकडे-पलीकडे दोन शहरं, दोन राज्यं, पण रोजचं आयुष्य एकच, राहायला इकडे आणि कामाला तिकडे. १९७३ च्या सुमाराला केंद्राने या जोडशहराला वाढीचं केंद्र ठरवलं होतं, २००० सालापर्यंत तीन लाख लोकवस्ती होईल असं धरून जमिनी घेतल्या गेल्या. तीन लाख सोडा, आज दोन्ही मिळून लाखाच्या आसपास. पण त्या काळात आखलेल्या शहराच्या डोक्यात मोठं भविष्य होतं आणि इतक्या मोठ्या होणाऱ्या शहराच्या पोटातून महामार्ग न्यायचा का, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

पर्याय दोन. बाहेरून न्या, म्हणजे दोन्ही शहरांना लांब वळसा. किंवा आतून न्या, ऑल्बरीच्या मधोमध जी रेल्वे लाइन जाते तिच्या कडेने. सगळा वाद या दोन शब्दांत मावतो, आतून की बाहेरून, आणि तो कित्येक वर्षं चालला. आतूनवाल्यांचं म्हणणं असं की नदी ओलांडणारी बहुतेक वाहनं इथलीच आहेत, सिडनी-मेलबर्न करणारी नाहीत, तेव्हा बाहेरचा रस्ता बांधून शहरातली कोंडी सुटणार नाही, दोन शहरांना जोडणाऱ्या लिंकन कॉजवेवरची सकाळ-संध्याकाळची रांग तशीच राहणार. रेल्वेने शहर आधीच दुभागलंय, त्याच फटीत रस्ता बसवला तर नवीन काही तुटत नाही. बाहेरूनवाल्यांचं म्हणणं, रेल्वे दिवसातून काही वेळा जाते आणि ट्रक रात्रभर जातात, त्यांचा आवाज आणि धूर पूर्व ऑल्बरीच्या घरांना कायमचा, हॉस्पिटल एका बाजूला आणि बाजारपेठ दुसऱ्या बाजूला, आणि एकदा काँक्रीट ओतलं की पुढच्या पिढीला ते हलवता येणार नाही. बायपास म्हणायचं आणि शहराच्या मधून न्यायचं हे त्यांना फसवणुकीसारखं वाटत होतं, आणि त्यांचं चुकत होतं असं मी तरी म्हणणार नाही.

आकडे बघितले तर आतूनवाल्यांची बाजू जड होती हे मान्य करावं लागतं. स्थानिक वाहतूक जास्त होती, वादच नाही. पण त्याचा खरा अर्थ एवढाच की शहराला दोन गोष्टी हव्या होत्या, लांबच्या ट्रकांसाठी बाहेरचा रस्ता आणि इथल्या लोकांसाठी नदीवर आणखी एक पूल. आणि इथे १९७४ ची व्यवस्था आडवी येते. बाहेरचा रस्ता राष्ट्रीय, त्याचे पैसे केंद्राचे. स्थानिक पूल राष्ट्रीय नाही, त्याचे पैसे राज्यांचे, आणि तो दोन राज्यांच्या मधे, म्हणजे कोणी किती द्यायचे यावर पुन्हा भांडण. आतून एकच रस्ता नेला की तोच महामार्ग आणि तोच दुसरा पूल, आणि बिल जवळपास सगळं एकाच तिजोरीतून. केंद्र आणि राज्यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यात कित्येक वर्षं घालवली, निवडणुका आल्या-गेल्या, गावात मोर्चे निघाले, सभा झाल्या, आणि शेवटी आतला मार्ग ठरला. त्याला पन्नास कोटी डॉलरहून जास्त खर्च आला आणि मार्च २००७ मध्ये तो सुरू झाला. मरीवरच्या नव्या पुलाला जुन्या सिडनी-मेलबर्न मार्गावरच्या प्रसिद्ध रेल्वेगाडीचं नाव दिलं, स्पिरिट ऑफ प्रोग्रेस.

लगेच फायदा झाला हे खरं. ऑल्बरीच्या बाजारातून ट्रक गेले, कॉजवे मोकळा झाला, स्थानिक लोक दोन एक्झिटमधल्या अंतरासाठी सर्रास फ्रीवे वापरतात. पण तीनच वर्षांनी नदीच्या पलीकडे काय झालं ते बघा. वोडोंगाच्या मधोमध जाणारी रेल्वे २०१० मध्ये उचलून गावाबाहेर नेली, फाटकं गेली, शहराच्या मध्यात मोठी मोकळी जागा मिळाली. म्हणजे एका काठावर रेल्वेसुद्धा बाहेर काढायला पैसे सापडले आणि दुसऱ्या काठावर रेल्वेच्या जोडीला चार लेनचा फ्रीवे आणून बसवला. ऑल्बरीच्या जुन्या स्टेशनची इमारत वारसा यादीत आहे, बघण्यासारखी आहे, तिच्या मागून आता ट्रकांचा आवाज येतो. शहरनियोजनाचा अभ्यास करणाऱ्या कोणी या दोन निर्णयांची शेजारीशेजारी मांडणी करायला हवी, मला तरी यात एका शहराला मिळालेला न्याय दुसऱ्याला नाकारलेला दिसतो.

ऑल्बरी सुटल्यावर बाकीचं भराभर उरकलं. ऑल्बरीच्या उत्तरेला साधारण ६७ किलोमीटर दोन लेनचा रस्ता शिल्लक होता, केंद्राने एकरकमी पैसे दिल्यावर तो दोन-तीन वर्षांत दुपदरी झाला. कूलॅकचा बायपास बराच रखडून २००९ मध्ये, त्याच वर्षी गंडगायचा जोडपूल. २०११ मध्ये वूमरगामा आणि टारकटा. टारकटा हे ट्रकवाल्यांचं गाव, सिडनी आणि मेलबर्नच्या जवळपास मध्यावर, दोन्हीकडचे ड्रायव्हर इथे भेटून ट्रेलर बदलतात आणि आपापल्या घराकडे परत फिरतात, त्यामुळे इथे नुसता बायपास करून चाललं नसतं, ट्रेलर बदलायची जागाही करावी लागली. रस्त्यावर मेलेल्या ट्रक ड्रायव्हरांचं स्मारकही याच गावात आहे, कधी गेलात तर थांबा. शेवटी २०१३ मध्ये होलब्रुक, समुद्रापासून इतक्या आत असूनही पाणबुडी मिरवणारं गाव. पहिल्या महायुद्धात जर्मनटन हे नाव टाकून एका ब्रिटिश पाणबुडीच्या अधिकाऱ्याचं नाव घेतलं म्हणून ती पाणबुडी.

मेलबर्नच्या टोकाला क्रेगीबर्नचा बायपास २००५ च्या सुमाराला झाला, त्यामुळे कॅम्पबेलफील्डचे सिग्नल टळले, पण तोही मेरी क्रीकच्या काठच्या जुन्या गवताळ जमिनीतून गेला आणि तिथेही पर्यावरणवाल्यांचा विरोध डावलला गेला.

पूर्ण झाला म्हणतात पण फ्रीवे या दर्जाचा तो सगळीकडे नाही. क्रेगीबर्नच्या पुढे वॉलनपर्यंत आणि न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण पट्ट्यात तर कितीतरी ठिकाणी बाजूचा रस्ता किंवा शेताचं फाटक थेट ११० च्या रस्त्याला येऊन मिळतं, पूल नाही, रॅम्प नाही. मेलबर्नची उत्तरेकडची वस्ती आता बेव्हरिजपर्यंत पोचलीये, तिथले नवे रहिवासी रोज सकाळी अशा तोंडांवरून फ्रीवेला लागतात. व्हिक्टोरियात गेल्या दहा वर्षांत दोन्ही कडांना आणि मधे तारांचे लवचिक कठडे लावले, त्याने गाडी झाडावर आदळायची थांबते, पण गावोगावच्या स्वयंसेवक अग्निशामकांनी तक्रार केली की वणवा लागला तर बंब कडेला घ्यायचा कुठे आणि शेतात उतरवायचा कुठून. आणि देशाच्या आतल्या भागातून जाणाऱ्या नवीन मालवाहू रेल्वेसाठी, एकावर एक दोन कंटेनर जावेत म्हणून, याच पट्ट्यातले रुळांवरचे पूल उंच करायचं किंवा रूळ खाली घ्यायचं काम हाती घेतलं गेलं, युरोआसारख्या गावात उंच पूल नको, खालून रस्ता द्या म्हणून लोक पुन्हा उभे राहिले. ऑल्बरीत जे प्रश्न विचारले गेले तेच प्रश्न, यावेळी रेल्वेच्या बाबतीत.