पोपच्या स्विस गार्डमध्ये भरती: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज अडतो कुठे

पोप हे व्हॅटिकनचे राजेच. 1506 पासून त्यांच्या अंगरक्षणाचं काम स्विस गार्डकडे आहे. दल छोटं आहे, मंजूर जागा 135. अटी थोडक्यात अशा: स्विस नागरिक, पुरुष, अविवाहित, धर्माचरण करणारा कॅथलिक, वय 19 ते 30, उंची किमान 174 सेंटिमीटर, स्विस सैन्याचं प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण, शिवाय एखाद्या व्यवसायाचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र किंवा मातुरा, म्हणजे तिथली बारावी. किमान 26 महिने सेवेची हमी द्यावी लागते.

यातली वयाची अट फसवी आहे. कागदावर 30 असलं तरी सैन्याचं 18 आठवड्यांचं प्रशिक्षण साधारण पंचविशीच्या आतच करता येतं. सव्विसाव्या वर्षी नागरिकत्व मिळालेल्या मुलाची गाडी इथेच चुकते. सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी पर्याय म्हणून नागरी सेवा पत्करलेलाही बाद, कारण सैनिकी प्रशिक्षण झालेलं नसतं. व्यवसाय शिक्षण पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू होऊन तीन-चार वर्षं चालतं. ते संपवायचं, लगेच प्रशिक्षण उरकायचं आणि विशी-बाविशीत अर्ज करायचा, हा सरळ मार्ग.

गोव्यातल्या किंवा वसईतल्या कॅथलिक तरुणाला भारतीय पासपोर्टवर अर्ज करता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे नागरिकत्वासाठी एरवी 10 वर्षांचं वास्तव्य लागतं. वय 8 ते 18 मधली वर्षं दुप्पट धरतात, पण प्रत्यक्ष वास्तव्य किमान 6 वर्षांचं हवंच. स्विस पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपतं, हेही घरात आधीच बोलून घ्यावं. भारतात जन्मलेला, स्विस कुटुंबात दत्तक गेलेला एक तरुण 2002 मध्ये या दलात होता.

कागदपत्रं प्रत्येक अटीला धरून जमवा: नागरिकत्वाचा पुरावा, सैन्याचं सेवापुस्तक, शिक्षणाची प्रमाणपत्रं, गुन्हे नोंदवहीचा उतारा, बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा कन्फर्मेशनचा संस्कार) यांचे दाखले. बाप्तिस्म्याचा जुना पिवळा दाखला पुढे करू नका. दृढीकरण आणि लग्न यांची नोंद बाप्तिस्मा झालेल्या चर्चच्या नोंदवहीतच चढते, म्हणून अविवाहित असल्याची खातरजमा ताज्या उताऱ्यावरूनच होते. बाप्तिस्मा वसईला झाला असेल तर उतारा तिथूनच मागवावा लागेल, आणि दृढीकरण दुसऱ्या देशात झालं असेल तर त्याची नोंद मूळ चर्चपर्यंत पोहोचलीच असेल असं धरून चालू नका. आधी विचारा.

अर्ज स्वित्झर्लंडमधल्या भरती कार्यालयाकडे जातो. पुढे मुलाखत आणि मानसशास्त्रीय चाचणी. स्विस नागरिकाने परकीय सैन्यात जाणं गुन्हा आहे, पण हे दल पोपच्या घरचं पोलीस दल मानलं जातं, त्यामुळे ती अडचण येत नाही.

निवड झाल्यावर प्रशिक्षणाचा एक टप्पा व्हॅटिकनमध्ये, दुसरा स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातल्या इसोने इथे: गोळीबार, स्वसंरक्षण, प्रथमोपचार, आग विझवणं. हुकूम जर्मनमध्ये, गेटवरचं बोलणं इटालियनमध्ये. फ्रेंच भाषक मुलाला दोन्हीकडे धाप लागते. परशू जोडलेला लांब भाला घेऊन तासन्‌तास निश्चल उभं राहायचं असतं, त्यामुळे पाठीचं जुनं दुखणं लपवण्यात काही अर्थ नाही.

शपथविधी 6 मे रोजी असतो. 1527 मध्ये त्याच दिवशी रोम लुटलं गेलं तेव्हा या दलाचे 147 जवान मारले गेले होते. 2025 मध्ये मात्र पोप फ्रान्सिस यांच्या निधनामुळे तो 4 ऑक्टोबरला झाला. नातेवाइकांची विमानाची तिकिटं तारीख पक्की झाल्यावरच काढा.