भरवलेलं पिल्लू आणि खातं पिल्लू: सापाचं पिल्लू विकायला तयार कधी होतं?

‘पाच वेळा खाल्लंय’ असं सांगून विकलं जाणारं सापाचं पिल्लू दोन प्रकारचं असू शकतं. एकाने पाचही वेळा भक्ष्य स्वतः टिपून गिळलेलं असतं. दुसऱ्याच्या तोंडात पाचही वेळा कुणीतरी चिमट्याने पिंकी, म्हणजे नुकतंच जन्मलेलं बिनकेसांचं उंदराचं पिल्लू, सरकवलेलं असतं. दोघांनी कात टाकलेली असते, दोघांचं वजन वाढलेलं असतं, दोघं हातात घेतली की सारखीच वळवळतात. पण पहिलं विकायला तयार आहे आणि दुसरं नाही.

इथे उदाहरणं घेतली आहेत ती अमेरिका-युरोपात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या दोन बिनविषारी सापांची: आग्नेय अमेरिकेतला कॉर्न स्नेक आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन.

आधी पिल्लाचे पहिले दिवस. पिल्लू अंड्याला चीर पाडतं, पण लगेच बाहेर येत नाही. एक-दोन दिवस डोकं बाहेर काढून आतच बसतं आणि उरलेला बलक पोटात ओढून घेतं. या वेळी घाईने बाहेर ओढलं तर बलक बाहेरच राहतो आणि बेंबीची जागा उघडी पडते. बाहेर आल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांत पहिली कात. तोपर्यंत पोटातल्या बलकावर त्याचं भागतं, म्हणून कातीआधी खायला देण्यात फारसा अर्थ नसतो. कात निघाली, पोटावरची चीर मिटली, की पिल्लू दिसायला अगदी देखणं होतं. फोटो याच वेळी काढले जातात आणि घाईच्या ब्रीडरची, म्हणजे सापांची पैदास करून विकणाऱ्याची, जाहिरातही याच वेळी लागते. त्या पिल्लाने अजून एक घासही खाल्लेला नसतो.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते. कॉर्न स्नेकचं पिल्लू जेमतेम सहा-आठ ग्रॅमचं असतं. त्याला दोन ग्रॅमच्या आसपासची पिंकी, दर पाच दिवसांनी. बॉल पायथनचं पिल्लू बरंच दणकट, पन्नास ते सत्तर ग्रॅमचं. त्याला स्वतःच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजनाचं भक्ष्य, म्हणजे केस फुटलेलं उंदराचं पिल्लू किंवा रॅटचं, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराचं, छोटं पिल्लू, पाच ते सात दिवसांनी. कॉर्नची बरीच पिल्लं कातीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात पिंकी घेतात. काही मात्र ढुंकूनही बघत नाहीत, कारण जंगलात या वयात त्यांचं खाणं पाली-सरडे आणि झाडावरचे छोटे बेडूक. उंदराचा वास त्यांना खाण्याचा वाटतच नाही. बॉल पायथनची अडचण वेगळी. त्याला भक्ष्यात उष्णता आणि हालचाल लागते, शिवाय मोठ्या उघड्या डब्यात ते भेदरून गोळा होऊन बसतं.

न खाणाऱ्या पिल्लाला मार्गी लावायच्या रीती आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी तापमान तपासायचं: कॉर्नला गरम बाजू २९ ते ३१ अंश सेल्सिअस, बॉल पायथनला ३१ ते ३३. मग जागा लहान करायची, अंगाला भिडेल एवढाच लपण्याचा आडोसा द्यायचा. मग पिंकी साबणाशिवाय धुऊन, पुसून, कोमट करून, हवेची भोकं असलेल्या छोट्या डब्यात पिल्लासोबत रात्रभर ठेवायची. तरी नाही, तर पिंकीच्या डोक्याला छोटी चीर द्यायची, म्हणजे आतला वास बाहेर येतो. त्यानंतर पिंकीला पालीच्या कातीचा वास लावायचा. दोन प्रयत्नांत चार-पाच दिवसांचं अंतर हवं. रोज डिवचलं तर पिल्लू अधिकच बिथरतं. या सगळ्यात अंतिम निर्णय पिल्लाचाच असतो, म्हणून असं शिकलेलं पिल्लू खातं पिल्लूच. मात्र पालीच्या वासाशिवाय निदान तीन वेळा खाईपर्यंत ते विकू नये. नव्या घरी ती कात कुठून येणार?

भरवणं ही या सगळ्यानंतरची, वजन घसरू लागल्यावरची पायरी. त्यातही दोन पातळ्या आहेत. एकात पिंकीचं डोकं पिल्लाच्या जबड्यात अडकवून त्याला हळूच खाली ठेवतात. गिळायचं की थुंकायचं ते पिल्लू ठरवतं. दुसऱ्यात भक्ष्य थेट घशाखाली ढकलतात. ढकलताना अन्ननलिका सोलवटू शकते आणि ताणामुळे उलटीही होऊ शकते. जीव वाचवायला या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात, आणि त्या करणारा ब्रीडर वाईट नव्हे. पण ते जेवण ‘खाल्लं’ या रकान्यात लिहिणारा ब्रीडर नक्कीच वाईट. भरवल्याने पोट भरतं. वास घेणं, झडप घालणं, विळखा मारणं, डोक्याकडून गिळायला सुरुवात करणं यातलं काहीच पिल्लाने स्वतः केलेलं नसतं. असं पिल्लू नव्या घरी गेलं की चिमट्यातल्या पिंकीपासून पळतं, आणि सहा-आठ ग्रॅमच्या जिवाजवळ थांबायला फार दिवस नसतात.

इंग्लंडमध्ये हा फरक कायद्यात आला आहे. पाळीव प्राण्यांच्या विक्री-परवान्याच्या २०१८च्या नियमांनुसार, स्वतः खाऊ न शकणारा सस्तनेतर प्राणी विकायला बंदी आहे. किती आठवड्यांचं झाल्यावर विकायचं हे बंधन कुत्र्या-मांजरांसारख्या प्राण्यांना आहे, सापाला नाही. ते बरोबरच आहे. दोन महिन्यांचं न खाणारं पिल्लू पाच आठवड्यांच्या खात्या पिल्लापेक्षा कच्चं असतं.

मग किती जेवणं? आमच्या मते कॉर्नला सलग तीन ही किमान अट, बॉल पायथनला पाच. सलग म्हणजे मध्ये नकार नाही, उलटी नाही, मदत नाही. पहिलं जेवण योगायोगाचं असू शकतं. तिसऱ्यापर्यंत विष्ठा आणि पांढरे युरेट, म्हणजे सापाच्या लघवीचा घट्ट भाग, बाहेर पडलेले असतात, म्हणजे पचनाचा मार्ग मोकळा आहे हे कळतं. हिशेब केला तर कॉर्न साधारण पाच आठवड्यांनी आणि बॉल पायथन सात आठवड्यांच्या आसपास तयार होतं, पण हे आठवडे जेवणांमागून येतात, जेवणं आठवड्यांमागून नाही. वजनाच्या एकाच आकड्यावर विसंबू नये. मोठ्या अंड्यातून आलेलं बॉल पायथन काही न खाताही सत्तर ग्रॅम भरतं. दर आठवड्याचं वजन मागावं.

बॉल पायथनमध्ये आणखी एक मेख आहे. पाचही जेवणं स्वतः केलेली, पण सगळी जिवंत उंदरांची. असं पिल्लू खातं खरं; तुमच्या फ्रीझरमधलं खाईलच असं नाही. म्हणून नोंदवहीत तारीख, भक्ष्याचा प्रकार आणि वजन, जिवंत की फ्रोझन, चिमट्यातून घेतलं की रात्रभर ठेवल्यावर, आणि मदत लागली का, हे सगळं असायला हवं. नुसत्या बरोबरच्या खुणांची रांग पुरेशी नाही. शंका आली तर पुढच्या जेवणाचा व्हिडिओ मागा. त्यात झडप दिसली पाहिजे. गिळताना सुरू होणारा व्हिडिओ काहीच सिद्ध करत नाही, कारण भरवलेलं पिल्लूही शेवटी तसंच गिळतं.

मुंबई-पुण्यात परदेशी साप पाळणाऱ्यांसाठी एवढं जोडायला हवं: बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याखाली त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. नाग, धामण, भारतीय अजगर यांची खरेदी-विक्री हा गुन्हाच आहे, पिल्लू कितीही खातं असलं तरी.

घरी आणल्यावर पहिले पाच-सात दिवस हात लावू नका. ब्रीडरने दिलं तेच भक्ष्य, त्याच वजनाचं, त्याच पद्धतीने द्या. फ्रोझन असेल तर फ्रिजमध्ये वितळवून मग पिशवीत घालून गरम पाण्यात. मायक्रोवेव्हमध्ये आतून शिजतं आणि फुटतं. खाल्ल्यावर ४८ तास उचलू नका. उलटी झाली तर दहा ते चौदा दिवस थांबून निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या, आणि तापमान पुन्हा मोजा. कॉर्नच्या पिल्लाने लागोपाठ तीन वेळा नकार दिला, तर चिमटा हातात घेण्याआधी ब्रीडरला फोन करून एकच प्रश्न विचारा: याला कधी भरवावं लागलं होतं का?