लोकप्रदर्शन (स्थानिक इतिहास संग्रहालयातील)

लोकप्रदर्शन : गावातील लोकांनी घरून आणलेल्या वस्तू, छायाचित्रे, कागदपत्रे आणि त्यांविषयी सांगितलेली माहिती यांतून स्थानिक संग्रहालयात भरवले जाणारे ठरावीक मुदतीचे प्रदर्शन. वस्तू नोंदवण्याचा दिवस, मुलाखती, वारसाफेरी आणि मुलांचे कार्यक्रम त्याला जोडूनच होतात.

नागपुरात संग्रहालयाची परंपरा जुनी आहे. ‘अजब बंगला’ या नावाने घराघरांत ठाऊक असलेले मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चे. शिल्पे, शिलालेख, शस्त्रे, प्राण्यांचे नमुने असा त्याचा पसारा आहे. मोतीबागेत छोट्या रेल्वेचे (दोन फूट सहा इंच रुळांच्या गाडीचे) संग्रहालय आहे. उमरेड, काटोल, सावनेर, रामटेक, कामठी यांसारख्या गावांतले संग्रहालय असा पसारा उभा करू शकत नाही, आणि त्याने करूही नये. त्याचे बळ घरगुती वस्तूंत असते : हातमागाचा धोटा (आडवा धागा नेणारी फिरकी), पितळी गुंड (पाण्याचे भांडे), लाकडी नंदी, एम्प्रेस मिल या कापडगिरणीतल्या नोकरीचे कागद, कामठीच्या छावणीतले छायाचित्र. यांतली कोणतीच वस्तू एकटी फार बोलत नाही. ती कोणाची, कोणत्या कामाची, घरात कशी आली, वापरातून कधी गेली हे सांगणारे माणूस समोर असते तोवरच ते लिहून घेता येते. म्हणून लोकप्रदर्शनात काचेच्या कपाटाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व नोंदवहीला आहे.

वस्तू नोंदवण्याचा दिवस. रविवारी सकाळी चार तास पुरेसे होतात. तीन टेबले लागतात : पहिल्यावर पावती, दुसऱ्यावर छायाचित्र, तिसऱ्यावर मुलाखत. पावती आणि छायाचित्र पाच-पाच मिनिटांत उरकते, मुलाखतीला मात्र वीस मिनिटे लागतातच. एका मुलाखतकाराच्या हातून चार तासांत बारा वस्तू होतात. दोघे बसले तर चोवीस. टोकन याच हिशोबाने द्यावेत. शंभर लोकांना बोलावून मुलाखत दोन मिनिटांत गुंडाळली की नोंदवहीत ‘जुने भांडे, पितळ’ एवढेच उरते, आणि ते कायमचे तसेच राहते.

पावतीवर देणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे वर्णन, मापे, आधीपासूनचे पोचे-तडे आणि ‘देणगी’ की ‘परत करायची’ हे स्पष्ट लिहावे. शेवटचा मुद्दा तोंडी राहिला की पुढच्या पिढीत भांडण उभे राहते. देणगी असेल तर घरातल्या इतर वाटेकऱ्यांची संमती आहे का, हेही विचारावे. क्रमांक वर्ष, व्यवहार, वस्तू या क्रमाने देतात, २०२५.१४.३ म्हणजे २०२५ मधल्या चौदाव्या देणाऱ्याची तिसरी वस्तू. कागदावर हा क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला लिहितात. कापडावर सुती फीत टाचतात. धातूवर किंवा लाकडावर आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर देऊन त्यावर शाईने लिहितात, म्हणजे पुढे क्रमांक पुसता येतो आणि वस्तूला डाग राहत नाही. सेलोटेप कशालाही लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो.

छायाचित्रे अल्बममधून उचकटू नयेत. पानासकट ६०० डीपीआयवर स्कॅन करावीत आणि मागे काही लिहिले असल्यास तेही घ्यावे.

भांड्यावरचे नाव. पितळी-तांब्याची भांडी सर्वांत जास्त येतात, आणि ‘रोजचीच तर आहेत’ म्हणून तीच दुर्लक्षिली जातात. खरे तर त्यांच्या काठाखाली बारीक ठिपक्यांनी नाव घातलेले असते : कोणी कोणाला, कोणत्या निमित्ताने, कधी कधी तिथीसह. विजेरी समोरून न धरता काठाला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. ठिपक्यांची सावली पडून पुसट अक्षरेही वाचता येतात. शक दिलेला असेल तर ७८ मिळवावे, पौष ते फाल्गुन या महिन्यांसाठी बहुधा ७९. शके १८४५ म्हणजे १९२३-२४. भांडे देणारी माऊली प्रेमाने ते आदल्या दिवशी चिंचेने लख्ख घासून आणते. प्रत्येक घासण्याबरोबर ठिपके उथळ होतात. म्हणून निमंत्रणातच ठळक लिहावे : भांडी घासू नका, आहेत तशी आणा.

काय घेऊ नये. शेतात सापडलेली मूर्ती, नाणी किंवा ताम्रपट टेबलावर स्वीकारू नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. मूर्ती, चित्रे यांसारख्या प्रकारांची नोंदणी आहे का ते विचारावे. जुनापाणी, माहुरझरी येथील शिलावर्तुळांमुळे (दगडांच्या प्राचीन दफनवर्तुळांमुळे) हा सारा प्रदेश पुरातत्त्वाच्या दृष्टीने जागता आहे. जमिनीत सापडलेला साधा मणीही जागेवरून हलला की त्याचे निम्मे मोल तिथेच संपते.

हवा आणि प्रकाश. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. ऑगस्टमध्ये तीच दमट होऊन भिंतींना ओल येते. लाकूड उन्हाळ्यात आकसून तडकते आणि पावसाळ्यात फुगते. इथली हमखास चूक म्हणजे प्रदर्शनाच्या दालनात लावलेला कूलर. पाण्याचा कूलर गारव्यासोबत ओल आणतो. दिवसा चालू, रात्री बंद अशा हिसक्यांनी कागदाला लाटा येतात आणि चित्राचा रंग सुटतो. कूलर बसण्याच्या जागेत ठेवावा, वस्तूंच्या खोलीत साधा पंखा आणि जाड पडदे. कापड, कागद, छायाचित्रे यांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश नको, लाकूड व तैलरंगांना १५० ते २०० चालतो, दगड-धातूला बंधन नाही. मूळ छायाचित्र पेटीत आणि त्याची छापील प्रत भिंतीवर, हा सर्वांत सोपा मार्ग.

मांडणी. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या जरा खाली असावा. फलकावर साठ-सत्तर शब्द पुरे. अक्षर हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजे. सांगणाऱ्याचे वऱ्हाडी-झाडी बोलीतले शब्द फलकावर तसेच ठेवावेत, प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नयेत.

कार्यक्रमांचे दिवस. जागतिक संग्रहालय दिन १८ मे रोजी येतो. नागपुरात तो दुपारी साजरा करणे म्हणजे लोकांना येऊ नका म्हणणेच. सकाळी सात ते नऊ किंवा दिवेलागणीनंतर ठेवावा. वारसाफेरीसाठी १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह उत्तम. फेरी दीड किलोमीटर, माणसे पंचवीसपर्यंत, पुढे माहितगार आणि शेवटी एक सोबती. नागपुरात फेरी महाल या जुन्या वस्तीतून जाते. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे असल्याने आत प्रवेश ठरावीक दिवशीच मिळतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा (नंदींचा) पोळा असतो. त्या सुमाराला लाकडी नंदींचे प्रदर्शन भरवले तर मुले स्वतः नंदी घेऊन येतात. टेबल साठ-सत्तर सेंटिमीटर उंचीचे हवे. नंदीखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. तो इतरांत न ठेवता पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून दोन आठवडे वेगळा ठेवावा.

त्याच दिवशी मिरवणुकीने निघणारी मारबत, म्हणजे इडापिडा नेणारी मानली जाणारी मूर्ती, मात्र संग्रहात घेताच येत नाही. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे मानले जाते. बांबू-कागदाची ही मूर्ती ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ या घोषात मिरवून जाळली जाते. ती जाळण्यासाठीच असते, म्हणून काचेमागे ठेवलेली नवी प्रतिकृती खोटी वाटते. त्याऐवजी कमच्या (बांबूच्या पट्ट्या) बांधण्यापासूनचा प्रत्येक टप्पा टिपावा : सांगाड्याची मापे, गाठींचे प्रकार, कागदाचे थर, रंग कोणी कालवला, त्या वर्षीच्या बडग्यांवर (मारबतीसोबत निघणाऱ्या उपहासात्मक पुतळ्यांवर) कोणती गाऱ्हाणी लिहिली होती. बडग्यांवरचा मजकूर दरवर्षी बदलतो, आणि शहराचा राग-लोभ इतक्या थेट दुसरीकडे क्वचितच सापडतो.

प्रदर्शन तीन महिन्यांहून लांबवू नये. परत करताना पहिल्या दिवशीचे छायाचित्र समोर ठेवून वस्तू दोघांनी तपासावी, पावतीवर सही घ्यावी आणि मुलाखतीची ध्वनिफीत व स्कॅनची प्रत त्या घरी द्यावी.